घरचा कंठ, घरचें गाणें

जुबिली हा शब्दच मुळीं नादांतून जन्मास आला आहे. इब्री भाषेंत 'योबेल' म्हणजे मेंढ्याचें शिंग. सात वर्षांचीं सात आवर्तनें पुरीं झालीं म्हणजे देशभर शिंग फुंकावें, पन्नासावें वर्ष पवित्र मानावें, आणि प्रत्येकानें आपल्या वडिलार्जित वतनाकडे परत जावें, अशी आज्ञा लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायांत इस्राएल लोकांस दिलेली आहे. वतन म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें शेत, वाडी व घर उभें राहतें. परंतु गाणें हेंहि एक वतनच आहे. तें कर्जापायीं गहाण पडत नाहीं, पण विस्मृतीपायीं बुडतें. आणि एकदां बुडालें म्हणजे कोणत्याहि कचेरींत त्याचा उतारा मिळत नाहीं. म्हणून धर्मग्रामाच्या या महोत्सव-पुस्तिकेंत जेथें देवळाच्या भिंतींचा, वेदीचा व धर्मगुरूंचा वृत्तांत येतो, तेथें आपल्या घरच्या गायकांचा व त्यांच्या गीतांचाहि थोडासा इतिहास असावा, हें उचित होय.

प्रस्तुत लेखक संगीतशास्त्री नव्हे. तो केवळ एक हौशी श्रोता आहे. ज्या गीतांवर त्याचा जीव जडला, त्यांचा मागोवा घेतां घेतां एक गोष्ट वारंवार त्याच्या ध्यानीं आली. ज्यांचीं नांवें आज आपण आदरानें घेतों, ते गायक व वादक एके काळीं कोणास ठाऊक नसलेलीं मुलें होतीं. कोणीतरी त्यांस शिकविलें, कोणीतरी त्यांस उभें करून त्यांचें ऐकून घेतलें, म्हणूनच तीं पुढें जगास ऐकूं आलीं. हें ऐकून घेण्याचें काम पिढ्यान्‌पिढ्या कोणीं केलें, कोठें तें थांबलें, आणि थांबलें असतां काय हानि झाली, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

या परंपरेच्या आरंभीं फादर टॉमस स्टीफन्स यांचें नांव येतें. इंग्लंडांत जन्मलेले हे येशूसंघीय धर्मगुरु इ. स. १५७९ सालीं गोव्यास उतरले आणि १६१९ सालीं तेथेंच त्यांनीं देह ठेवला. जन्मानें ते परके. परंतु चाळीस वर्षांत ते इतके घरचे झाले कीं, त्यांचें काव्य ऐकतांना कवि परदेशस्थ आहे अशी शंकाहि येऊं नये. नवख्रिस्ती लोकांनीं जुनीं पुराणें सोडलीं होतीं, पण पुराणश्रवणाची गोडी त्यांची सुटली नव्हती. ती भूक ओळखून फादरांनीं तारणाचा सर्व इतिहास मराठींत, ज्ञानदेव-एकनाथांनीं मान्य केलेल्या ओवी छंदांत, गाऊन दिला. सुमारें अकरा हजार ओव्यांचें हें 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं साष्टींतील रायतूर येथें रोमन अक्षरांत छापलें गेलें. कारण देवनागरी खिळे त्या काळीं तेथें मिळण्याजोगे नव्हते. पुढें १६४९ व १६५४ सालीं त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. आज ख्रिस्तपुराण म्हटलें म्हणजे कपाटांतील एक जाड ग्रंथ आपणांस आठवतो. परंतु तें रचिलें गेलें तें कानांसाठीं. देवळांत एकानें म्हणावें व गांवानें ऐकावें, हीच त्याची खरी जागा होती. या लेखकाच्या आवडत्या गीतांच्या यादींत पहिला मान म्हणूनच त्यास आहे.

पुढें मात्र ऋतु पालटला. २७ जून १६८४ रोजीं व्हाइसरॉय कोंद दि आल्वोर यांनीं फर्मान काढलें कीं, तीन वर्षांच्या आंत रयतेनें देशभाषा टाकून पोर्तुगीज बोलावें. १७३६ सालच्या इन्क्विझिशनच्या आज्ञापत्रानें तर लग्नसमारंभांत ओव्या गाण्यासहि बंदी केली. महोत्सवाच्या वर्षीं केवळ भूषणेंच सांगावीं अशी रीत आहे खरी. परंतु इतिहास लिहावयाचा तर हेंहि लिहिलें पाहिजे. ज्या देवळानें ओवीस वेदीजवळ बसविलें, त्याच देवळाच्या अधिकाऱ्यांनीं तिला विवाहमंडपांतून बाहेर काढलें. तथापि राजाचें फर्मान चव्हाट्यापर्यंत पोहोंचतें. जात्यापर्यंत व पाळण्यापर्यंत पोहोंचत नाहीं. नवरा-नवरीस नारळाचा रोस लावण्याच्या विधींत गोव्यांतील ख्रिस्ती स्त्रियांनीं आपलीं जुनीं गीतें गाइलीं तीं गाइलींच. ख्रिस्तपुराणाच्या छापील प्रती नाहींशा झाल्या, पण हातानें उतरलेल्या पोथ्या गोवें सोडून गेलेल्या कुटुंबांबरोबर दक्षिणेस गेल्या. मंगळूर येथें अशा पोथ्यांवरून जोसेफ एल. सालढाणा यांनीं १९०७ सालीं तें पुराण पुन्हा छापलें, आणि १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांनीं त्याची देवनागरी आवृत्ति काढली. म्हणजे हें मराठी काव्य मराठी वाचकास आपल्या नित्याच्या लिपींत छापील रूपानें मिळावयास तब्बल तीनशें चाळीस वर्षें लागलीं! ऐकणारा तुटला म्हणजे गाण्याची काय दशा होते, याचें याहून मोठें उदाहरण सांपडणें कठीण.

उत्तर कोंकणांत हेंच वतन स्त्रियांनीं सांभाळिलें. १८८७ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्ण जुबिलीच्या निमित्तानें मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती समाजानें 'ईस्ट इंडियन' हें इंग्रजी नांव धारण केलें. परंतु आपली मराठी बोली व आपलीं लग्नगीतें त्यानें टाकलीं नाहींत. 'उंबराचें पाणी' आणावयास बँडच्या तालावर वऱ्हाड निघतें, तेव्हां पाश्चात्य वाद्य व देशी विधि यांचें कसें सख्य होतें तें पाहावें. वसईंतहि सामवेदी व वाडवळी बोलींतील लग्नगीतें अशींच आजीकडून नातीकडे आलीं. तीं रचणाऱ्या स्त्रियांचीं नांवें कोणत्याहि पुस्तकांत नाहींत. बंधु-पंथांतहि हीच हांक ऐकूं आली होती. १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतलेले कविवर्य नारायण वामन टिळक यांनीं परकीय चालींच्या भाषांतरित स्तोत्रांवर समाधान न मानतां अभंग, भजन व कीर्तन या देशी पात्रांतून प्रभूचें गुणगान वाढिलें. १९१९ सालीं ते निवर्तले तेव्हां अपुरें राहिलेलें त्यांचें 'ख्रिस्तायन' त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं पुढें नेलें. पंथ निराळा असला तरी भाषेचें अंगण एकच, म्हणून त्यांचें स्मरण येथें करणें अगत्याचें वाटतें.

आतां पुन्हा गोव्याकडे वळूं. कारण गायक घडविण्याची जी एक स्थिर संस्था आपल्या समाजास लाभली, ती तेथली धर्मग्रामाची शाळा होय. तेथल्या संगीतशिक्षकास 'मेस्त्र' म्हणत. देवळांतील गायकवृंद त्याच्याच हाताखालीं असे. मिस्सा, लदीन, नोव्हेना व मयताचीं गीतें हीं सर्व त्याच्या जबाबदारींत येत. त्याची शिकवणी कडक होती. मुलानें आधीं स्वर नांवानें म्हणावे, हातानें मात्रा मोजावी व कागदावरील खुणा डोळ्यांनीं वाचाव्या. या विद्येस 'सोल्फा' म्हणत. ती साधल्यावांचून व्हायोलीन, ज्यास गोंयकार 'रेबेक' म्हणतात, तें हातीं मिळत नसे. येथें शेतकऱ्याचें, सुताराचें व भाटकाराचें मूल एकाच बांकावर बसून एकच स्वर म्हणे. श्रीमंतांच्या दिवाणखान्यापुरती जी विद्या इतरत्र राहिली असती, ती यायोगें गांवच्या कौलारू घरांत शिरली.

या विद्येचें पहिलें मोठें फळ म्हणजे 'मांडो'. एकोणिसाव्या शतकांत साष्टींतील कुडतरी, लोटली, बाणावली, मडगांव अशा गांवांतून हा गीतप्रकार बहरास आला. शब्द कोंकणी, भाव विरहाचा. दोन कंठ परस्परांपासून ठराविक अंतर राखून एकत्र चालतात, हें देवळांतील संगीताचें देणें. साथीस एका बाजूस रेबेक व दुसऱ्या बाजूस मातीचें घुमट. हेंच घुमट हिंदु बांधवांच्या घरीं गणेशचतुर्थीच्या आरतींत घुमतें, म्हणजे तें सर्व गोव्याचें वाद्य होय. पूर्वी त्यास घोरपडीचें कातडें लावीत. घोरपडीस कायद्याचें संरक्षण मिळाल्यापासून बकऱ्याचें कातडें लावूं लागले, आणि २०१९ सालीं गोवा सरकारनें त्यास राज्याचें वारसा-वाद्य म्हणून गौरविलें. मांडो रचणाऱ्यांत कुडतरीचे लिगोरियो कोश्त, आर्नाल्द मिनेझिस, जिझेलीन रेबेलो, तोर्क्वात फिगेरेदो हीं नांवें मानाचीं आहेत. तोर्क्वात फिगेरेदो यांचा निरोपाचा मांडो आज कोणत्याहि गोंयकार मेळाव्याच्या शेवटीं वाजतो, आणि तो वाजूं लागला म्हणजे गप्पा मारणारे लोकहि उभे राहून एकमेकांचे हात धरतात. त्याच भूमींत रायमुंद बार्रेत यांनीं संत फ्रान्सिस झेवियर यांचें कोंकणी स्तोत्र रचिलें. ३ डिसेंबरच्या सणास जुन्या गोव्यांत सहस्रावधि कंठ तें उचलतात. त्यांतील फारच थोड्यांस कर्त्याचें नांव ठाऊक असेल. गीतकारास याहून मोठी पदवी कोणती? त्याचें गाणें लोकांचें झालें.

पोटापाण्यासाठीं गोंयकार मुंबईस आला, तो आपल्या पेटींत रेबेक व कागदावरचे स्वर घेऊन आला. धोबीतलाव व आसपासच्या भागांत प्रत्येक गांवाची 'कूड' होती. तेथें संध्याकाळीं वेदीपुढें जपमाळ होई, आणि मग कोणाचें तरी वाद्य वाजूं लागे. याच मुंबईंत १७ एप्रिल १८९२ रोजीं लुकाझिन रिबेर यांचें 'इटालियन भुरगो' हें पहिलें तियात्र रंगभूमीवर आलें, आणि दोन पडद्यांच्या मधल्या वेळांत 'कांतारां' म्हणण्याची चाल पडली. कथेशीं संबंध असो वा नसो, कांतारांतून गांवचा अन्याय, घरची भांडणें, आगबोटीवरील नोकरी, सर्व कांहीं गायलें जाई. नव्या कंठास आपलें बळ अजमावून पाहण्याचें तें एक खुलें मैदान होतें.

पुढें बोलपट आले. चित्रपटांचे संगीतकार बहुधा चाल मुखानें सांगत. परंतु मोठ्या वाद्यवृंदानें ती एका वेळीं, एका श्वासानें वाजवावयाची तर प्रत्येकापुढें लिहिलेला कागद पाहिजे. तो कागद लिहिणारे व वाचणारे लोक मेस्त्रांनीं आधींच घडवून ठेविले होते! हळदोण्याचे आंतोनियु झेवियर वाझ हे 'चिक चॉकलेट' या नांवानें ट्रंपेट वाजवीत, आणि पुणतांब्यास जन्मलेले सी. रामचंद्र यांच्या १९५१ सालच्या 'अलबेला' चित्रपटांतील गाण्यांत जी उसळी आहे, तींत त्यांचा वांटा मोठा. सेबेस्त्यांव डिसोझा यांनीं शंकर-जयकिशन यांच्या असंख्य गीतांच्या वाद्यरचना लिहिल्या. पडद्यावर यांचीं नांवें क्वचितच येत. गाणीं मात्र घरोघर गेलीं.

या सर्वांत लेखकास विशेष प्रिय आहे तें माजोर्ड्याच्या आंतोनी गोन्साल्विस यांचें चरित्र. १९२७ सालीं ते जन्मले. वडील माजोर्ड्याच्या देवळांत गायकवृंदाचे प्रमुख होते. बापाजवळ घेतलेल्या विद्येच्या बळावर ते कोंवळ्या वयांत मुंबईस आले व चित्रपटांच्या वाद्यवृंदांत व्हायोलीन वाजवूं लागले. परंतु त्यांस नुसती नोकरी करावयाची नव्हती. भारतीय राग व पाश्चात्य वाद्यवृंद यांचा संगम घडवावा, हा त्यांचा ध्यास. १९५८ सालीं त्यांनीं 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभा केला आणि मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजच्या आवारांत आपल्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर व मन्ना डे यांनीं त्यांत गायन केलें. १९६० नंतरच्या दशकांत ते अमेरिकेस गेले, मुंबई त्यांस विसरली. अखेर ते माजोर्ड्यास परतले व २०१२ च्या जानेवारींत तेथेंच निवर्तले. मध्यंतरीं १९७७ सालीं 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटांत त्यांच्या नांवाचें गाणें सर्व देशानें डोक्यावर घेतलें. लोकांस तें विनोदी पात्राचें नांव वाटलें. वस्तुतः संगीतकार-जोडीपैकीं प्यारेलाल यांनीं आपल्या व्हायोलीनच्या गुरूस वाहिलेली ती दक्षिणा होती. राहुलदेव बर्मन हेहि त्यांचेच शिष्य. एका देवळाच्या माडीवरील शिकवणी कोठपर्यंत पोहोंचली, हें यावरून दिसेल.

मडगांवच्या बोर्ड्याचे क्रिस पेरी (१९२८-२००२) यांचें कार्य निराळ्या तऱ्हेचें. ट्रंपेट व सॅक्सोफोन या दोहोंवर त्यांचें प्रभुत्व होतें, आणि अमेरिकन जाझच्या लयींत त्यांनीं अस्सल कोंकणी शब्द बसविले. लॉर्ना कॉर्देरो या तरुण गायिकेचा भरदार व कणखर आवाज त्यांनीं ओळखला, तिच्याकडून कसून मेहनत करून घेतली, आणि १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभीं निघालेल्या तबकड्यांनीं गोंयकारांच्या लग्नमंडपांत वादळ उठविलें. 'बेबदो' हें दारुड्याचें गाणें ऐकतांना पाय थिरकतात. पण शब्दांकडे लक्ष जातें तेव्हां त्या नवऱ्याच्या घरची दुर्दशा मनास चटका लावते. गाण्याची खरी परीक्षा हीच. पुढें लॉर्नाबाईंनीं गाणें सोडलें. पुष्कळ वर्षें त्यांचा आवाज कोणी ऐकला नाहीं. १९९५ सालीं रॉनी मोन्सेरात यांच्या प्रयत्नानें त्या पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या, तेव्हां आवाज आहे तसाच आहे हें पाहून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलें. २०१४ सालच्या 'नाचूंया कुंपासार' या राष्ट्रीय पारितोषिक मिळविणाऱ्या चित्रपटानें तीं गीतें नव्या पिढीस पुन्हा सांपडवून दिलीं. जुनें गाणें ज्यानें प्रथमच ऐकलें, त्यास तें नवेंच असतें.

१९५३ सालीं जन्मलेले शिवोलीचे रेमो फर्नांडिस यांनीं तर कंपनीची वाटच पाहिली नाहीं. मोठ्या शहरांतील ध्वनिमुद्रण-संस्थांकडे दाद लागेना, तेव्हां त्यांनीं शिवोलीच्या आपल्या घरांतच यंत्र मांडलें, बहुतेक वाद्यें स्वतः वाजविलीं, स्वतःच गाइलें, आणि १९८४ सालीं 'गोअन क्रेझी' ही ध्वनिफीत काढून दुचाकीवरून दुकानोदुकान पोहोंचविली. २००७ सालीं याच कलावंतास पद्मश्री मिळाली. घरच्या कंठास आरंभीं घरच्याच लोकांनीं आधार द्यावा लागतो, हा धडा त्यांत स्पष्ट आहे.

हें सर्व देवळाबाहेर घडत असतां देवळाच्या आंतहि मोठा पालट होत होता. १९०३ सालीं पोप दहावे पायस यांनीं पवित्र संगीताविषयीं जें आज्ञापत्र काढलें, त्यांत ग्रेगोरियन गायनाचा गौरव करून थाटाच्या उपासनेंत लोकभाषेंतील गायनास व पियानो, ढोल इत्यादि वाद्यांस मनाई केली होती. नाटकी चालींचा धुडगूस थांबावा हा त्यांतील हेतु स्तुत्य होता. परंतु त्यामुळें घुमट, ढोलकी व देशी भजन उंबऱ्याबाहेरच राहिलें. ४ डिसेंबर १९६३ रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनें उपासनेविषयींचा दस्तऐवज प्रसिद्ध केला, आणि त्यांत लोकांच्या आपापल्या संगीतपरंपरेस उपासनेंत योग्य स्थान द्यावें असें सांगितलें. गोव्यांत फादर वास्को द रेगो यांनीं 'गायनांचो झेलो' या संग्रहाच्या रूपानें कोंकणी भक्तिगीतांचा हार गुंफला. महाराष्ट्रांतहि मराठी मिस्साबरोबर मराठी गीतें, पेटी व तबला वेदीजवळ आलीं. १६१६ सालीं फादर स्टीफन्स यांनीं जो दरवाजा उघडला होता, तो मध्यंतरीं लोटला गेला, आणि साडेतीनशें वर्षांनीं पुन्हा उघडला.

आतां प्रश्न असा कीं, या दरवाजांतून आंत येणारा कोण? चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत वाद्यवृंदाची जागा विजेच्या यंत्रांनीं घेतली. लिहिलेला कागद वाचणाऱ्याची पूर्वींची गरज राहिली नाहीं. बहुतेक ठिकाणीं मेस्त्राची शाळा बंद पडली, आणि देवळाच्या माडीवरील बांकांवर केस पिकलेले गायकच अधिक दिसतात. मुलें गात नाहींत असें नव्हे. खिशांतील यंत्रावर तीं सर्व जगाचें संगीत ऐकतात, घरीं बसून गिटारीवर आपलीं स्वतःचीं पदें रचतात, आणि तीं दूरच्या अनोळखी लोकांस ऐकवितात. फक्त आपल्या धर्मग्रामास ऐकवीत नाहींत, कारण आपण कधीं विचारलेलेंच नाहीं. 'हें काय गाणें झालें?' असें म्हणून आपण पाठ फिरवितों. ओवीविषयीं १७३६ सालीं, जाझविषयीं आपल्या आजोबांच्या काळीं, आणि मिस्सामधील तबल्याविषयीं आपल्याच तरुणपणीं याहून निराळें काय म्हटलें गेलें होतें? सर्वच नवें चांगलें असतें असा याचा अर्थ नाहीं. वेदीपुढें काय शोभतें व काय शोभत नाहीं, याचा विवेक राखलाच पाहिजे. परंतु विवेक हा ऐकल्यानंतर करावयाचा असतो. ऐकण्यापूर्वीं केला तर तो केवळ तिटकारा होतो.

महोत्सवानिमित्त देवळास रंग दिला जाईल, घंटा उजळली जाईल, कोनशिला बसेल. हें सर्व व्हावेंच. त्याबरोबर तीन लहानशीं कामें व्हावीं, अशी या हौशी श्रोत्याची विनंति आहे. पहिलें, धर्मग्रामाच्या खर्चानें एक संगीतशिक्षक नेमावा आणि ज्याचे आईबाप फी देऊं शकत नाहींत अशा मुलासहि पेटी, तबला किंवा रेबेक शिकावयास मिळावा. दुसरें, ज्या वृद्ध स्त्रियांस जुनीं लग्नगीतें व ओव्या मुखोद्गत आहेत, त्यांच्याजवळ बसून शब्द लिहून घ्यावे व चाली मुद्रित कराव्या. एक एक आजी गेली म्हणजे एक एक पोथी जळते. तिसरें, दरसाल आश्रयदात्या संतांच्या सणास निदान एक तरी गीत आपल्याच धर्मग्रामांतील एखाद्या अज्ञात मुलानें किंवा मुलीनें रचलेलें असावें, आणि तें सर्वांनीं शेवटपर्यंत ऐकावें.

माजोर्ड्याच्या माडीवर जेव्हां एक लहान मूल हातांत रेबेक धरून उभें होतें, तेव्हां तें पुढें कोणास शिकविणार आहे हें त्या देवळांत कोणासहि ठाऊक नव्हतें. आपल्याहि माडीवर कोण उभें राहणार आहे, हें आपणांस ठाऊक नाहीं. सर्वेश्वरानें ज्या कंठांत गाणें घातलें आहे, त्या कंठास आपल्या मंडळींत कान मिळोत. आणि पुढील जुबिलीचें शिंग फुंकलें जाईल त्या दिवशीं आपल्या लेकरांस त्यांचें वतन शाबूत सांपडो, हीच पवित्र मातेच्या मध्यस्थीनें त्याच्या चरणीं प्रार्थना.